कर्नलसाहेबांची बहीण

अख्खी गल्ली जिला वहिनी म्हणायची, तिला त्या दिवशी सकाळी एका परक्या बाईने दारातूनच "वन्सं!" अशी हाक मारली, आणि वहिनीच्या हातातली क्रीमची पिशवी नको तेवढी दाबली गेली. केकवर 'अभिनंदन' लिहून होत आलं होतं. शेवटच्या 'न'ला अशी काही शेपटी फुटली की तो 'न' आहे की उंदीर, हे सांगणं कठीण झालं.

वहिनीचं केकचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीत काचेचं कपाट, मधे लांब टेबल, बाहेर दारावर 'गोडवा' अशी गुलाबी अक्षरांची पाटी. मागच्या खोलीत भट्टी, आणि भट्टीपाशी तिचा नवरा. हा नवरा सैन्यात सार्जंट होता. आता निवृत्त झाला होता, पण गल्लीने त्याची सार्जंटकी काही काढून घेतली नव्हती. सगळी नोकरी त्याने मालाचे ट्रक चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात काढली. कांदे, बटाटे, डिझेल आणि तंबूच्या खुंट्या पोचवल्या. घरी आल्यावर पोचवायला काही उरलं नाही, म्हणून तो वहिनीच्या चालत्या यंत्रांना खीळ घालत बसायचा. त्या सकाळी भट्टीचा पंखा उघडून त्याने डोकं आत घातलं होतं आणि आतून ठाकठूक चालली होती.

दारातली बाई पन्नाशीच्या पुढची, धिप्पाड, केस नुकतेच रंगवलेले. एका हातात फुलझाडाची कुंडी, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. बाहेर रस्त्यावर तिची गाडी उभी होती. टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा भलामोठा फलक.

"वन्सं म्हटलेलं चालेल ना?" ती म्हणाली. "वाटेत दोन तास घोकत आले. आजकाल कुणी म्हणत नाही, पण मला हौस होती."

आणि कुंडी टेबलावर ठेवून तिने वहिनीला मिठीच मारली. वहिनीचे दोन्ही हात क्रीमने भरलेले, ते तिने आत्मसमर्पण केल्यासारखे वर धरले.

वहिनीला पहिल्यांदा वाटलं, बाई वेडी आहे. मग वाटलं, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक थोडंफार वेडं असतंच, त्यामुळे तिने हात पुसले, खुर्ची सरकवली आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "बसा ना. कशासाठी हवाय?"

"लग्नासाठीच की!" बाई लाजली. धिप्पाड माणूस लाजला की खोलीच लहान वाटायला लागते.

"अरे वा. मग दोन मजली करू. मुलीचं का मुलाचं?"

"माझंच."

"अगंबाई," वहिनी म्हणाली, आणि मग सावरून, "म्हणजे, फार छान. नवरदेव काय करतात?"

बाई खळखळून हसली. "तुम्ही पण ना वन्सं! भावाची फिरकी घ्यायची सवय आहे तुम्हाला, ते सांगतात मला. तुमचे भाऊ काय करतात ते तुम्हीच मला विचारता?"

वहिनीला भाऊ नव्हता. दोन बहिणी होत्या, दोघी लग्न झालेल्या आणि दोघी केक फुकट नेणाऱ्या. "माझा भाऊ?"

"कर्नलसाहेब!" असं म्हणून बाईने फोन काढला आणि अभिमानाने पुढे धरला.

फोटोत सार्जंट होता. निरोपसमारंभाच्या दिवशीचा, कडक इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदकं. शेजारी वहिनी, नव्या स्कार्फमध्ये. दोघांच्या डोक्यावर 'गोडवा'ची पाटी, अर्धी कापली गेलेली. वहिनीनेच तो फोटो मुलीकडून काढून घेतला होता आणि दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता, साऱ्या जगाने बघावा म्हणून. साऱ्या जगाने बघितला होता खरा.

"पाटीवरून शोधून काढलं मी," बाई सांगत होती. "त्यांनी पत्ता दिला नाही हो. म्हणाले, बहीण जरा अबोल आहे, लग्न झाल्यावर भेट. पण मला राहवेना. म्हटलं, एवढी जिवापाड प्रेम करणारी बहीण, त्यांची बायको गेल्यावर त्यांचं सगळं करणारी..."

"बायको गेली?" वहिनीच्या घशातून आवाज निघाला.

बाईने जीभ चावली. "मला तो विषय काढायचा नव्हता. तुमचं दोघींचं फार सूत होतं म्हणे."

माणूस स्वतःच्या मरणाची बातमी ऐकतो तेव्हा त्याला एकच प्रश्न पडतो, आणि तो तिने विचारलाच. "कशाने मेली?"

"असं काय विचारता? डोंगर चढताना पाय घसरून."

वहिनी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावरसुद्धा चढत नसे. तिला चक्कर यायची. तिने टेबलाचा काठ घट्ट धरला. आत ठाकठूक चालूच होती.

"तुम्ही जरा बसा हं," ती म्हणाली. "भट्टी बघून येते."

मागच्या खोलीत येऊन तिने दार लोटलं आणि भट्टीच्या बाहेर आलेल्या नवऱ्याच्या अर्ध्या भागाकडे बघितलं. संसाराची सगळी वर्षं हा माणूस तिने नीट ओळखला असं तिला वाटत होतं. पण आता तिला तो सकाळी अंघोळीला जास्त वेळ लावतो हे आठवलं. गेल्या महिन्यात नवा कंगवा आणला हेही आठवलं. संशयाला काय, पेरायचा अवकाश.

"बाहेर या."

"स्क्रू पडलाय. थांब."

"अहो, बाहेर या म्हणते! बाहेर तुमची होणारी बायको आलीय."

सार्जंट बाहेर आला. कानाला काजळी, दातांत टॉर्च. टॉर्च काढून तो म्हणाला, "कुणाची?"

"तुमची. मी डोंगरावरून पडून मेले, आणि आता मी तुमची बहीण आहे."

सार्जंटने विचार केला. हुकूम समजला नाही तर पुन्हा विचारायचा, हा सैन्याचा नियम होता. "परत सांग."

तिने परत सांगितलं, या वेळी रडत. त्याच्या कपाळावर आठी आली, गेली. मग त्याने खिशातून आपला फोन काढून तिच्या हातात दिला. तो बटणांचा फोन होता. त्यात आलेले संदेश त्याने कधी उघडले नव्हते, कारण उघडायचे कसे ते त्याला येत नव्हतं. वहिनीला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या क्षणी सुचणं वेगळं.

"मग बाहेर कोण बसलंय?" सार्जंटने विचारलं.

"तेच बघू," वहिनी नाक पुसत म्हणाली. "तुम्ही इथेच थांबा. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही."

बाहेर बाई खुर्चीत टेकून फोनकडे हसत बघत होती. वहिनीने आता सूर बदलला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ती जरा जास्तच गोड बोलली. "दादा काय लिहितो हो तुम्हाला? मला तर दोन ओळी लिहीत नाही."

बाईने आढेवेढे घेतले, पण प्रेमात पडलेल्या माणसाला आपली पत्रं दाखवायची भारी खुमखुमी असते. तिने फोन पुढे केला. वहिनीने वाचलं.

'सुप्रभात माझ्या मधा. तू माझ्या हृदयाची राणी आहेस. काल रात्री मी तुला फार चुकवले. तू तुझे दुपारचे जेवण घेतले आहे का? तुझे डोळे दोन शांत तळी आहेत ज्यात माझा सैनिक आत्मा स्नान करतो.'

"मध?" वहिनी म्हणाली.

"फार वर्षं परदेशी पलटणीबरोबर आहेत ना. भाषा जरा बिघडलीय." बाईने सांभाळून घेतलं. "पण भाव बघा."

वहिनीने भाव बघितला, आणि तिच्या मनातलं मळभ एका झटक्यात गेलं. हे तिच्या नवऱ्याने लिहिलेलं नव्हतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तिने. लग्नापासून आजपर्यंत तिच्या डोळ्यांबद्दल तो एकदाच बोलला होता, 'चष्म्याचा नंबर वाढला वाटतं.' सुटका झाल्याचा आनंद तिला झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग, दार लावायच्या आत, बारीकसं दुःखही आत घुसलं. तिच्या नवऱ्याच्या तोंडाने कुणीतरी, कुणाला तरी, तळी म्हटलं होतं. तिला नाही.

"यातल्या कशावर भाळलात हो तुम्ही?" तिने विचारलं. विचारताना तिला सूर कडक ठेवायचा होता, पण जमलं नाही.

बाई थोडा वेळ किल्लीशी चाळा करत राहिली. "त्या जेवणाच्या प्रश्नावर. दिवसभर मी गाडीत ओरडते. क्लच सोडू नको, आरशात बघ, ब्रेक, ब्रेक! संध्याकाळी घरी गेलं की घरात कुणी आवाजच करत नाही. जेवलीस का, असं मला कोण विचारणार? हा माणूस रोज विचारायचा. एक दिवस चुकवला नाही."

मग बाई मुद्द्यावर आली. "तर वन्सं, मी आज आले त्याचं कारण जरा अवघड आहे. त्यांच्या सुट्टीची परवानगी अडकलीय. मुख्यालयात रजेची फी भरावी लागते. पहिला हप्ता मी भरला. मग विमानाचा विमा निघाला, तोही भरला. आता शेवटचा मोठा हप्ता आहे, आजच संध्याकाळपर्यंत. माझ्याकडे निम्मेच आहेत. म्हटलं, बहीण आहे, निम्मे ती घालेल."

मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. सार्जंटला हुकूम नव्हता, पण एवढं ऐकून कुठल्याही सैनिकाला आत राहवलं नसतं.

"रजेची फी?" तो गरजला. "रजेला फी?"

बाई उठून उभी राहिली. तिच्यासमोर कर्नलसाहेब उभे होते. बनियनवर, कानाला काजळी, हातात पाना. तिने फोटोकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. चेहऱ्यावर आधी उजेड आला आणि मग तो हळूहळू मावळला.

"तुम्ही... आलात?" ती म्हणाली.

"मी कुठे गेलोच नाही," सार्जंट म्हणाला.

त्याच क्षणी बाईच्या हातातला फोन वाजला. तिघांनी एकदमच मान वाकवली. 'माझ्या मधा, मी आता बंकरमध्ये आहे. गोळ्या माझ्या डोक्यावरून उडत आहेत. पैसे पाठवले का?'

खोलीत सार्जंटच्या डोक्यावरून फक्त एक माशी उडत होती.

माणूस बुडताना काडीही धरतो. बाईने विचारलं, "तुम्हाला जुळा भाऊ आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"आईला विचारलं होतं एकदा. एकच पुरे झाला म्हणाली."

वहिनीने बाईला खांदे धरून बसवलं आणि स्वतः समोर बसली. "मी यांची बहीण नाही. बायको आहे. डोंगरबिंगर काही चढले नाही. हा फोटो माझ्या दुकानाच्या पानावरून उचललाय कुणीतरी."

बाई रडेल असं वहिनीला वाटलं होतं. तिने पाण्याचा पेलाही पुढे केला. पण बाई रडली नाही. तिने सार्जंटला प्रश्न विचारायला सुरुवात केली, शिकाऊ उमेदवाराची परीक्षा घ्यावी तशी, कारण जे कोसळलं ते एकेक वीट हातात घेऊन बघितल्याशिवाय तिला पटणार नव्हतं. रजेला खरंच फी नसते? नसते. अर्ज करायचा आणि वरच्याचा मूड चांगला असेल त्या दिवशी पुढे सरकवायचा. विमानाचा विमा? सैन्य नेतं, सैन्य आणतं, ट्रकमध्ये बटाट्यांवर बसवून का होईना. पण व्हिडिओवर बोलायला बंदी असते ना, त्यांनी सांगितलं होतं, कॅमेरा दिसला तर शत्रूला ठिकाण कळतं?

"मग ज्या बंकरमध्ये कॅमेरा चालत नाही तिथून दिवसभर मध-मध कसं चालतं?" सार्जंट म्हणाला. "आणि बाई, खरा कर्नल पैसे मागत नाही. त्याला खाणं, कपडे, घर, गाडी सगळं फुकट. त्याच्याकडे नसतो तो वेळ. तोंड न दाखवता जो लग्नाला तयार होतो आणि भेटायच्या आधी पैसे मागतो, तो कर्नल असो नाही तर कलेक्टर, तो कुणीच नसतो."

एवढं लांब भाषण वहिनीने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. ती जरा कौतुकानेच बघत राहिली.

"एक शेवटचं," बाई म्हणाली. तिने फोन उचलला आणि लिहिलं, 'तुमच्या बहिणीला भेटले. तिच्या दुकानात बसलेय.'

उत्तर यायला वेळ लागला. मग आलं. 'त्या स्त्रीपासून दूर राहा माझ्या मधा. ती मानसिक रुग्ण आहे. तिला माझी संपत्ती हवी आहे. तिने माझ्या पत्नीला डोंगरावरून ढकलले.'

"मी?" वहिनी ओरडली. "मीच मला ढकललं?"

सार्जंटला हसू फुटलं. तो हसायचा क्वचित, आणि हसला की इंजिन थंडीत चालू होतं तसा गचके खात हसायचा. मग वहिनीही हसली. आणि सगळ्यात शेवटी बाई हसली, आणि हसता हसता तिचं रडणं बाहेर आलं, मोठं, मोकळं, टेबलावरच्या 'अभिनंदन'वर टपटप गळणारं. वहिनीने केक हळूच बाजूला सरकवला.

"केस रंगवले हो मी त्याच्यासाठी," बाई म्हणाली.

"छान दिसतायत," वहिनी म्हणाली. "केस काही त्याचे नाहीत."

रडून झाल्यावर बाईला ते सगळं पुसून टाकायचं होतं, एकेक संदेश. सार्जंटने हात आडवा धरला. पुसायचं नाही. पुरावा आहे. हप्ता पाठवायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, बँकेला आत्ता फोन करायचा आणि इथून थेट पोलीस चौकी गाठायची.

बँकेतल्या मुलीने आधीचे पैसे कुठे गेले ते बघते म्हणून सांगितलं, पण फार आशा ठेवू नका हेही सांगितलं. ते पैसे पुढे कधी परत आले नाहीत.

चौकीत जायला तिघं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसले. बाईचे हात थरथरत होते म्हणून सार्जंट चालवायला बसला आणि बाई शेजारच्या, म्हणजे मास्तरांच्या सीटवर, जिथे पायाशी जास्तीचा ब्रेक असतो. सार्जंटने डोंगरदऱ्यांतून ट्रक नेले होते. पण पहिल्याच वळणाला बाईने ब्रेक दाबला.

"आरसा बघितला नाही तुम्ही," ती म्हणाली.

"मी बघितला."

"मान हलली नाही. डोळे हलवलेले मला चालत नाहीत."

चौकीपर्यंत तिने त्याला सहा-सात वेळा थांबवलं. उतरताना सार्जंटचा चेहरा लाल झाला होता आणि बाईचा बराच निवळला होता. मागच्या सीटवर वहिनी तोंडाला रुमाल लावून बसली होती.

चौकीतला फौजदार तरुण होता आणि त्याच्यापुढचा चहा गार झालेला होता. त्याने सगळं ऐकलं आणि सुस्कारा टाकला. या महिन्यात त्याच्याकडे एक कर्नल, एक सर्जन आणि दोन वैमानिक येऊन गेले होते. सगळे बंकरमध्ये, सगळे विधुर. "आरोपीचा फोटो आहे?" त्याने विचारलं.

बाईने फोन दिला. फौजदाराने फोटो बघितला. मग त्याने मान वर करून सार्जंटकडे बघितलं आणि त्याचा हात आपसूक टेबलाच्या खालच्या घंटीकडे गेला.

"अहो, ते आमचे आहेत!" वहिनी आणि बाई एकदम म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडे बघून बाईने दुरुस्ती केली, "म्हणजे यांचे."

तक्रार लिहायला दुपार गेली. 'फिर्यादीच्या वाग्दत्त वराची मयत पत्नी साक्षीदार म्हणून हजर' असं काहीतरी फौजदाराने आधी लिहिलं होतं, ते वहिनीने खोडायला लावलं. फोटो कुठून उचलला गेला ते विचारल्यावर मात्र तिची मान खाली गेली. त्याच संध्याकाळी मुलीला बसवून तिने पानावरचा सार्जंट काढून टाकला आणि त्या जागी चॉकलेट केक लावला. चॉकलेट केकच्या नावाने कुणाला लग्नाची मागणी घालता येणार नाही, असा तिचा हिशोब.

बाई सुट्टीच्या दिवशी अधूनमधून येऊ लागली. वन्सं म्हणायचं तिने सोडून दिलं. गल्लीसारखी तीही वहिनी म्हणू लागली. सार्जंटला ती आरशावरून टोकत असे आणि सार्जंट ती यायची म्हटलं की भट्टीत डोकं घालून बसत असे. भट्टी मात्र त्यामुळे खरंच दुरुस्त झाली.

अशाच एका दिवशी फौजदाराचा फोन आला. चौकीत एक परिचारिका बसली होती, पैसे पाठवायच्या तयारीत, आणि तिचा कर्नल खोटा आहे हे ती काही केल्या ऐकत नव्हती. फोटो तोच होता. "सार्जंटना घेऊन याल का?" फौजदार अजिजीने म्हणाला. "आमच्या बोलण्यावर विश्वास नाही. माणूस दाखवला तर बसेल."

सार्जंट नको म्हणत होता. वहिनीने त्याला इस्त्रीचा शर्ट चढवला, काजळी पुसली आणि बाईच्या गाडीत बसवलं.

परिचारिका लहानखुरी होती, डोळ्यांत झोप साठलेली. तिने सार्जंटला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"फोटोत उंच दिसता," ती म्हणाली.

"बूट होते," सार्जंट म्हणाला. त्याला फारच अवघडल्यासारखं झालं होतं. "माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागता?" परिचारिका म्हणाली आणि तिची हनुवटी थरथरू लागली.

वहिनी पुढे होणार होती, पण बाई आधी सरकली. तिने खुर्ची ओढून परिचारिकेच्या इतक्या जवळ घेतली की दोघींचे गुडघे लागले. परिचारिकेच्या मुठीत अजून फोन होता. बाईने तो ओढून घेतला नाही, फक्त त्यावर आपला भलामोठा हात ठेवला.

"मलाही तो मध म्हणायचा," ती म्हणाली.

परिचारिकेने चमकून वर बघितलं. "मला साखर."

"बरं. आधी रडून घ्या. मग बँकेत जाऊ. मी गाडी आणलीय."

फौजदाराने शिपायाला चहा सांगितला आणि, थोडा विचार करून, सार्जंटलाही एक सांगितला.